मालक, मुद्रक, प्रकाशक

मानवत,
रविवार, २६ फेब्रुवारी २०२३

चि. दीपिका हिला मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी मामी स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार सोडून बाकी सगळ्यांच्या तक्रारी करते, म्हणजे प्रकृती उत्तम. नांदेडला मेसचं जेवण बरं आहे असं लिहिलंस, त्यावर माझा विश्वास नाही; पण त्याची चौकशी पुढे कधीतरी.

तुझ्या प्रकल्पाची प्रश्नावली पोचली. ‘स्थानिक माध्यमांची मालकी आणि वाचक-प्रेक्षक.’ बावीस प्रश्न! मी वीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण वार्षिक परीक्षेलाही पोरांवर इतका सूड उगवला नाही. उत्तरं फोनवर सांगा म्हणालीस. नाही सांगणार. माझा फोन मागच्या महिन्यात ज्या दुकानात दुरुस्त झाला ते गिरणीवाल्या साहेबांच्या भाच्याचं आहे, आणि तेव्हापासून तो फोन मला जरा जास्तच ओळखतो असा मला संशय आहे. शिवाय फोनवर तू मधे बोलतेस. कागद मधे बोलत नाही.

पहिला प्रश्न, ‘आपण काम करता त्या साप्ताहिकाचे मालक कोण?’, हा शेवटी घेतो. सोपा प्रश्न आधी सोडवावा हे मीच तुला शिकवलं होतं.

तेव्हा वाचक. आमच्या ‘नीरक्षीर’चा खप कागदोपत्री पाच हजार. छापतो साडेतीनशे. त्यातले साठ कचेऱ्यांत जातात. तिथे त्यांची सुतळीसुद्धा कोणी सोडत नाही. शंभरेक, ज्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या त्यांच्या घरी. ते आपला फोटो पाहतात, मग शेजाऱ्याचा फोटो आपल्यापेक्षा मोठा आहे का ते पाहतात, आणि वाचन संपतं. उरलेले एसटी स्टँडवरच्या भज्याच्या गाड्यावर. तिथला आमचा वाचकवर्ग खरा आहे, फक्त तेलकट आहे. पहिल्या पानावरचा माझा सुभाषितांचा रकाना आजवर एकाच माणसानं मनापासून वाचला. तो मुद्रितशोधक होता, आणि तो मीच.

आता मोबाइलवरच्या बातम्या. तुझ्या घराहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. धोंडीबा दाजी ‘मानवत दणका’ हे चॅनेल बघणारे, आणि आक्का ‘आपला हक्क लाईव्ह’वाली. दिवाळीत मी खैरवाडीला आलो तेव्हा दोघांची जुंपली होती.

“तुमचा दणका त्या गिरणीवाल्याच्या ताटाखालचं मांजर हाय,” आक्का म्हणाली.

“अन् तुझा हक्क? त्यो लय शाहणा! नुसता बोंबलायलाय, काम कवडीचं न्हाई.”

“बोंबलतो तर बोंबलतो. गरिबाच्या बाजूनं तर बोंबलतो?”

मी दोघांचे मोबाइल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दणकावाल्याच्या मागं निळा पडदा, हक्कवाल्याच्या मागं हिरवा. दोन्ही पडद्यांच्या वर भिंतीवर एक गोल घड्याळ. दोन्हीकडे चार वाजून वीस मिनिटं, काचेला तीच तिरकी चीर. दुसऱ्या आठवड्यातही चार वीसच. धुरावरून अग्नीचं अनुमान करायला मी शिकलो आहे, बंद घड्याळावरून एका खोलीचं अनुमान करायला काय लागतं? ती खोली देवगाव फाट्याच्या रस्त्यावरच्या सरकीच्या तेलगिरणीत आहे. गिरणी साहेबांची. केबल साहेबांची. चौकातले फ्लेक्सचे सांगाडे साहेबांचे. नवरा-बायकोचं भांडणही त्यांचंच, फक्त बोलणारे आपले. हे मी तेव्हा दोघांना सांगितलं नाही. मजा वाटली, म्हणून गप्प बसलो. गप्प बसायची मला तेव्हा सवय झाली होती.

मग तू विचारशील, ‘नीरक्षीर’ कोणाचं?

दीपिका, तू पत्राच्या शेवटी एक वाक्य लिहिलं आहेस. ते मी चार दिवस रोज वाचतो आहे. ‘आई सांगते, नीरक्षीरनं आपल्या मेंढ्यांची बातमी गिरणीचं नाव घेऊन छापली. मामा, माझ्या प्रकल्पाचं मुख्य उदाहरण मी तेच घेतलंय. बाकी सगळं एका माणसाच्या हातात असताना एक छोटं साप्ताहिक खरं बोलतं. होळीला आले की तो अंक बघते आणि मग प्रकल्प देऊन टाकते.’

तो अंक तुझ्या आईच्या पेटीत, तळाशी, नव्या लुगड्याच्या घडीत आहे. तू तो उघडायच्या आधी हे पत्र तुला मिळावं म्हणून ही घाई.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गिरणीखालच्या नाल्यावर पाणी पिऊन तुमच्या सतरा मेंढ्या गेल्या. दाजी तीन दिवस जेवले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. आमचा वार्ताहर सिद्धोधन दोनदा नाल्यावर गेला. पाण्यावर साबणासारखा फेस, काठाचं गवत जळालेलं. त्यानं गुरांच्या डॉक्टरांना गाठलं, चार गुराख्यांची नावं घेतली आणि दोन पानं हातानं लिहून माझ्याकडे दिली. अशी नेटकी बातमी मी ‘नीरक्षीर’मध्ये त्याआधी पाहिली नव्हती. शिरस्त्याप्रमाणे मी ती टाइप करायला पाठवली. आमचं टाइपिंग कुठं होतं, हे आता तुला सांगायला नको.

परत आली ती दहा ओळींची होऊन. ‘अज्ञात रोगाने सतरा मेंढ्या दगावल्या. पशुपालकाने लसीकरणाकडे दुर्लक्ष केल्याची चर्चा.’ नाला नाही, गिरणी नाही, डॉक्टर नाहीत. पशुपालक म्हणजे तुझे वडील.

सिद्धोधन माझ्या टेबलापाशी उभा होता. म्हणाला, “गुरुजी, हे जाऊ देणार का तुमी?”

मी म्हणालो, “वरून आलंय.”

“वर कोन हाय गुरुजी? शेवटच्या पानावर नाव कोनाचं हाय, बघा एकदा.”

मी पाहिलं नाही. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि खाली सही केली. सिद्धोधननं त्याच दिवशी काम सोडलं. आता तो परभणीला एका दुकानात बसतो. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, आणि तो नमस्कार मला पुरतो.

अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी खैरवाडीला आलो. न येणं शहाणपणाचं होतं. पण आक्काचा निरोप आला होता. दाजी उरलेली मेंढरं घेऊन रानात गेले होते. ती ओट्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, “शंकर, वाच की. आमच्या मेंढरांचं काय छापलंस ते ऐकू दे.”

मी अंक उघडला. त्या दहा ओळी माझ्यासमोर होत्या. आणि मी सिद्धोधनची दोन पानं म्हणून दाखवली. पाठांतर माझा धंदाच आहे. गिरणीचं नाव, नाल्याचा फेस, डॉक्टरांचं म्हणणं, गुराख्यांची नावं, सगळं. मधे मी पानही उलटलं. आक्का रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “मायबापानं मेंढरामागून काढून तुला शाळंत घातलं, त्याचं सोनं झालं रे.” आणि अंक घडी करून पेटीत ठेवला. आता कोणीतरी अधिकारी येईल म्हणून ती अजून वाट बघते आहे.

मला भीती होती की दोन दिवसांत कोणीतरी तिला सांगेल, बाई, असं काही छापलेलं नाही. चार महिने झाले. एकानंही सांगितलं नाही. कारण एकानंही ते वाचलेलं नाही. तुझ्या वाचकांविषयीच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मी वर लांबवत बसलो. खरं उत्तर एवढंच आहे.

आता पहिला प्रश्न.

आठ वर्षांपूर्वी शाळेतली संस्कृतची तुकडी बंद झाली. मी घरी बसलो होतो तेव्हा साहेब स्वतः घरी आले, चहा प्यायले, माझ्या पाया पडले. म्हणाले, “गुरुजी, गावाला एक चांगलं साप्ताहिक पाहिजे. नाव तुमी ठेवा. सगळं तुमच्या नावावर करू. आमी धंद्याचे माणसं, आमचं नाव कशाला?” मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण संशयही पोट भरल्यावर येतो. आणि खोटं कशाला बोलू, छापलेलं आपलं नाव दिसायला बरं दिसतं. नाव ठेवलं मी, ‘नीरक्षीर’. मालक झालो मी. ऑफिसच्या किल्लीसाठी मला गिरणीच्या वॉचमनला फोन करावा लागतो, असा मालक.

दरवर्षी मार्चच्या पहिल्या अंकात प्रत्येक पेपराला एक चौकट छापावी लागते. तिला फॉर्म चार म्हणतात. तुमच्या अभ्यासात असेलच. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, मालकीत कोणाकोणाचा वाटा. खाली वाक्य असतं, ‘वरील तपशील माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे.’ त्याखाली सात वर्षं मी सही केली. यंदाचा फॉर्म माझ्यासमोर आहे, येत्या शुक्रवारच्या अंकासाठी. त्याच टेबलावर तुझं पत्र.

काल मी परभणीला आमच्या छापखान्यात गेलो. किशनरावांना म्हणालो, हा अंक गिरणीतून टाइप होऊन येणार नाही, मी हातानं लिहून देतो. पहिल्या पानावर सिद्धोधनची दोन पानं, त्याच्या नावासकट. त्याला विचारलं आहे. सोबत मी दाजींची मागितलेली माफी, माझ्या नावानं. शेवटच्या पानावर फॉर्म चार. मालकांच्या रकान्यात माझ्या नावाखाली साहेबांचं नाव.

किशनरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. “गुरुजी, कागदावर मालक तुमीच हाव. मालक म्हनल तसं मशीन चालंल.”

फार लवकर हो म्हणाले. तीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना इतक्या लवकर हो म्हणताना ऐकलेलं नाही. कदाचित सज्जन असतील. कदाचित मी जिना उतरेपर्यंत त्यांनी फोन लावलाही असेल. शुक्रवारी अंक निघेल, की साडेतीनशेच्या साडेतीनशे गिरणीच्या भट्टीत जातील, मला माहीत नाही. म्हणून सिद्धोधनची मूळ दोन पानं, त्या दहा ओळींचं माझ्या सहीचं प्रूफ आणि फॉर्मची प्रत या पाकिटात घातली आहे. पाकिटाचा डिंक आधीच सुटलेला दिसला, तर तसं कळव.

तुझ्या प्रकल्पातलं मुख्य उदाहरण खोडू नकोस, उलटं कर. नावं बदलू नकोस. मामा आहे म्हणून सौम्य लिहिशील, तर मी ते तांबड्या शाईनं तपासून परत पाठवीन.

एकच मागणं आहे. होळीला घरी गेलीस तर पेटी उघडू नकोस. मी येतो आहे. अंक मीच काढीन, आक्काच्या समोर बसेन, आणि या वेळी जे छापलं आहे तेच वाचीन. तेव्हा तू दाजींना रानातून बोलावून आण आणि आक्काच्या जवळ बस. मधे बोललीस तरी चालेल.

प्रश्न पहिला, उत्तर खालीलप्रमाणे.

शिवशंकर सटवाजी बिडगर
मालक, मुद्रक, प्रकाशक
(वरील तपशील माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे.)