एकतीसपैकी एकतीस बाहेर

प्रति,
मा. कुलसचिव महोदया,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत.

अर्जदार : प्रयोगशाळा सहायक तथा मजला सुरक्षा प्रमुख, रसायनशास्त्र विभाग, तिसरा मजला.

विषय : काचसामान धुणाऱ्या बाईंना कामावरून कमी करण्याची नोटीस रद्द करून दोष माझ्या नावावर लावण्याबाबत.

संदर्भ : १) दि. ३ मार्च रोजी तिसऱ्या मजल्यावर लागलेली आग. २) चौकशी समितीचा दि. १६ मार्चचा अहवाल. ३) मला दिलेले प्रशस्तिपत्र.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या विभागात बावीस वर्षे नोकरीस आहे. इतरांचे रजेचे, बदलीचे, बंद पंख्याचे अर्ज मीच लिहून देतो. स्वतःच्या चुकीचा अर्ज लिहिण्याची मात्र ही पहिलीच खेप, त्यामुळे चार कागद फाडून हा पाचवा आपणाकडे येत आहे. बाईंची अंतिम सुनावणी उद्या सकाळी अकराला आहे. त्याआधी हा अर्ज वाचला जावा, एवढी पहिली विनंती.

१. सदर बाईंना विभागात सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, तरी मीही म्हणतो. त्या तात्पुरत्या कर्मचारी असून घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. ही नोकरी गेली तर त्या घरात दुसरा हात नाही. अहवालात त्यांच्यावर तीन ठपके आहेत : धोक्याच्या घंटेला फडके गुंडाळले, घंटा वाजूनही बाहेर आल्या नाहीत, आणि सत्तावीस मिनिटे विनापरवाना मजल्यावर फिरत राहिल्या.

२. फडके मी गुंडाळले. धुण्याच्या खोलीत घंटा बरोबर मोरीच्या डोक्यावर बसवलेली आहे. मागील वर्षी पहिल्या सरावात ती वाजली आणि दचकून मावशींच्या हातून तीन चंबू फुटले. वर त्यांनाच लेखी समज मिळाली. मला वाईट वाटले. मी स्टूल घेतले, त्यांचेच फडके घेतले, चिकटपट्टीने घंटा बांधून टाकली आणि म्हणालो, "आता निवांत धुवा, सराव असेल तेव्हा मी स्वतः येऊन सांगत जाईन." आगीच्या दिवशी मी सांगायला गेलो नाही. नळ चालू, घंटा मुकी. त्या बाहेर येणार कशा?

३. सरावाची आमच्याकडे एक रीत पडली आहे, तीही सांगतो, कारण ती पाडणारा मीच. सरावाची तारीख आधी कळते. लोक दहा मिनिटे आधीच पाण्याची बाटली, पिशवी, मोबाइल घेऊन जिन्यात उभे राहतात. घंटा झाली की सगळे खाली, चार मिनिटांत मजला रिकामा. सर्व इमारतींत पहिला नंबर. यावरून मला विभागात 'चार मिनिटं' असे नाव पडले आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. जमण्याच्या जागी नावे पुकारून डोकी मोजायची असा नियम आहे. परंतु उन्हात एकतीस नावे कोण पुकारणार, म्हणून मी हजेरीचा तक्ता आदल्या आठवड्यातच भरून ठेवत असे. एकतीसपैकी एकतीस बाहेर, खाली सही. फक्त वेळ तेवढी कोरी.

सराव गुरुवारी, दि. ५ रोजी होता. आग मंगळवारीच लागली. द्रावकांच्या कपाटामागची वायर जळाली आणि धूर झाला. तयार तक्ता माझ्या खिशात होता. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी खाली विचारले, आत कोणी आहे का? मी वेळेच्या रकान्यात अकरा चव्वेचाळीस लिहिले आणि तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचून जवानांना बाहेरूनच पाणी मारायला सांगितले. आत शोधायला कोणीही गेले नाही. माझ्या सहीवर विश्वास ठेवला, हा काही त्यांचा दोष नव्हे.

४. चौकशीत समितीने मावशींना विचारले की घंटा कोणी बांधली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच खुर्चीवर होतो, निमंत्रित सदस्य म्हणून, आणि नेमके त्याच वेळी मला पाणी प्यावेसे वाटले. त्या म्हणाल्या, "फडकं माझंच आहे." ते खरेच होते. समितीने तेवढेच लिहून घेतले. बाहेर जिन्यात मी त्यांना गाठले तर उलट मलाच म्हणाल्या, "तुमची दोनच वर्षं राहिलीत, कशाला डाग लावून घेता?" त्यावर मी मान डोलावली. मी नको म्हणायला हवे होते.

त्यानंतर एकतीसपैकी तीस व्यक्तींना विक्रमी वेळेत बाहेर काढल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. टाळ्या झाल्या. घरी ते भिंतीवर लावले. तिसऱ्या दिवशी बायकोला खरे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "ते तिथून काढा, मला समोर बसून घास गिळवत नाही." काढले आहे.

५. विनापरवाना फिरण्याचा खुलासा शिल्लक आहे. तो मी आजवर कोणापाशी केलेला नाही आणि लिहिताना लाज वाटते. मावशी मागच्या जिन्याने उतरल्या. तोंडाला ओला टॉवेल होता, डोळे लालभडक, धाप लागलेली. सरळ माझ्यापाशी आल्या आणि मूठ उघडली, तर आत माझा चष्मा, पळताना टेबलावरच राहिलेला. म्हणाल्या, "धूर आत आला तेव्हा कळलं. बाहेर येताना हा टेबलावर दिसला. तुम्ही याच्याशिवाय जिना उतरत नाही, मला वाटलं आतच कुठं पडलात. तीनदा सगळ्या खोल्या बघून आले."

ती सत्तावीस मिनिटे त्या मला शोधत होत्या, महोदया.

आणि मी त्या अधिकाऱ्यांदेखत त्यांच्यावर ओरडलो, "अहो, होतात कुठं? माझा तक्ता खोटा पाडलात ना." एवढ्या धुरातून आलेल्या बाईने हातातला चष्मा मला दिला आणि खाली बघून म्हणाली, "चुकलं माझं."

६. सबब विनंती की, मावशींची नोटीस रद्द व्हावी, प्रशस्तिपत्र परत घ्यावे, मजल्याची जबाबदारी नावे पुकारणाऱ्या माणसाकडे द्यावी आणि माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. उद्या मी सुनावणीस हजर राहून हेच तोंडी सांगेन. अहवालाच्या पान चारवर 'सदर महिलेने घटनास्थळीच चूक मान्य केली' असे वाक्य आहे. ते त्यांच्या नावापुढून खोडून माझ्या नावापुढे लिहावे.

आपणासमोर मान वर करण्याची हिंमत नसलेला,
(सही)
प्रयोगशाळा सहायक
दिनांक : १९ मार्च

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
२) घंटेवरून काढलेली चिकटपट्टी.
३) पुढील तीन सरावांचे हजेरी तक्ते, भरलेले व सही केलेले.