नाथा काळे यांच्याविरुद्धचा माझा जबाब

मी, पंडित शहादेव तांदळे, वय ८४, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. तेवढा वेळ माझ्याजवळ कोणी बसत नाही.

१. राहते घर मुलगा रामकिसन याला, कलम ५ मधील अटीवर. पुढची खोली भाड्याने देऊ नये असे लिहिणार होतो, पण त्याने आधीच बोलणी केली आहेत. देऊ दे.

२. पोस्टातली ठेव आणि लाकडी कपाट नात सायली हिला.

३. लोखंडी पेटीतले मराठी तिसरे पुस्तकही सायलीलाच. ते माझ्या वडिलांचे. वडील नगरकडे, इंग्रजांच्या मुलखात, मामाच्या गावी शिकले. आमच्याकडे निजामाचे राज्य, शाळेत सगळे उर्दूतून. म्हणून त्यांनी मला घरी याच पुस्तकावरून मराठी शिकवले. माझे अक्षर, माझी भाषा, सगळे त्यातलेच. पुस्तक इंग्रज सरकारच्या शाळाखात्याने काढलेले. बादशहाच्या स्तुतीची कविता वडिलांनी फाडून चुलीत घातली. ती खोटी आहे हे त्यांना कळत होते. पुढे पारध्यांवर धडा होता: ‘हे लोक जन्मतःच चोर असतात. दयाळू सरकार त्यांच्यावर नजर ठेवते, म्हणून आपण निर्धास्त झोपतो.’ ते पान त्यांनी राहू दिले. सहाव्या वर्षी मी ते तोंडपाठ म्हणून दाखवले, तेव्हा गुळाचा खडा मिळाला. पुस्तक जाळू नये. सायलीने ते पान वाचावे.

४. १९७१ साली मी याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावी शिक्षक होतो. नाथा काळे या पारध्याची मुलगी बायना माझ्या दुसरीच्या वर्गात होती. एके दिवशी शाळेच्या भिंतीवरचे घड्याळ दिसेना. मुख्याध्यापक सुंदरराव म्हणाले, “जबाब तुम्हीच लिहा गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं.” मी कोणाला काही विचारले नाही. नाथांचे नाव लिहिले आणि कारण म्हणून धड्यातले पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवले. पारध्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द होऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.

पोलिसांनी नाथांना नेले. अकराव्या दिवशी सोडले. उजव्या हाताची बोटे पुन्हा मिटली नाहीत. ते तितर धरून पोट भरत. फास विणणे बंद झाले. ते सुटल्यावर आठवड्याने घड्याळ परत आले. सुंदररावांनीच ते दुरुस्तीला दिले होते आणि विसरले होते. सुंदरराव वारले, त्यांना मी माफ केलेले नाही. जबाब मात्र मीही मागे घेतला नाही. बायना शाळेत परत आली नाही. महिनाभर तिच्या नावापुढे गैरहजर लिहिले, मग नाव कमी केले.

हे लिहिताना रडू यायला हवे. येत नाही.

५. ओढ्याकाठची एक एकर जमीन बायनाबाईंना देणार होतो. यंदा पोळ्यानंतर शोधत गेलो. त्या लिंबागणेशजवळ वस्तीवर राहतात, शेळ्या पाळतात. नाथा कधीच वारले.

“आता कावून आले, गुरुजी?” त्यांनी विचारले.

मी जमिनीचे सांगितले.

“जमीन न्हाई पायजे. तितं आमाला कोण राहू देईल? माझा बाप चोर न्हवता, तेवढं लिहून द्या. तुमी लिवलेलं लोकं खरं मानत्यात.”

म्हणून लिहून देतो: नाथा काळे यांनी घड्याळ चोरले नव्हते. माझा जबाब खोटा होता. नाथा काळे चोर नव्हते. हे कलम रामकिसनने माझ्या तेराव्याच्या आत, ती शाळा होती त्या गावच्या ग्रामसभेत उभे राहून वाचावे आणि प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. वाचले नाही, तर घर सायलीचे. जमीन काहीही झाले तरी रामकिसनची.

ठिकाण: नांदूरघाट. दिनांक: ५ नोव्हेंबर २०२४.

सही: पंडित शहादेव तांदळे

साक्षीदार:
१. अजिनाथ बजरंग मुंडे, शेजारी (सही)
२. बायनाबाई, नाथा काळे यांची मुलगी (डाव्या अंगठ्याचा ठसा). या मृत्युपत्राने त्यांना काही मिळत नाही, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात.

खाडाखोडीबाबत: कलम ५ मध्ये मी ‘नाथा काळे चोर नव्हते असे मला वाटते’ असे लिहिले होते. वाचून दाखवल्यावर बायनाबाई म्हणाल्या, “वाटतं कावून? तवा तर वाटतं लिवलं न्हवतं.” शेवटचे तीन शब्द खोडले. खाडाखोड माझी. सही.