ओढ्यापलीकडे काही नाही

यांगोन, ता. २ मे

ती. मावशीस नंदारचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते आणि लग्नाचा विचार अजून नाही. तुझे तिन्ही प्रश्न संपले. आता माझं ऐक. देशभरातली रानं, दलदली, गवताळ माळ ओळखून प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा, असा आमचा नकाशा चाललाय. काल कच्चा नकाशा भिंतीवर लावला आणि आधी आपलं गाव शोधलं. ओढ्यापलीकडचं आपलं 'इन' नावाच्या झाडांचं रान 'ओसाड जमीन' म्हणून रंगवलंय. ओसाड ठरलेली जमीन उसाच्या कंपन्या मागून घेतात, हे तुला सांगायला नको.

चूक माझी. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून मी उपग्रहाची चित्रं मार्चमधली घेतली. तेव्हा पानं गळलेली, पाचोळा जळलेला. पण गावात पडताळणीला आलेल्या दोघांनीही लिहिलंय, की तिथल्या एका जाणत्या बाईंनी पलीकडे काही नाही असं सांगितलं. ही जाणती बाई कोण, ते जरा शोध. २० जूनला नकाशा पक्का होईल.

पत्र बसवाल्या को टिनकडे देते. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

नंदार

इंगॉन, ता. ९ मे

चि. नंदार हिस अ. आ.

शोधली. ती मीच.

कपाळाला हात लावू नकोस. तुझ्या आजोबांनी एकदा साहेबलोकांपुढे रानाचं कौतुक केलं होतं. आठवड्यात झाडांवर तोडणीच्या खुणेचे हातोड्याचे शिक्के बसले आणि अकरा सरळसोट झाडं गेली. तेव्हापासून सरकारी माणूस दिसला की अख्खा गाव एकच सांगतो, तिकडे नुसते काटे आहेत. या दोघांना मी मुरवलेल्या चहाची पानं खाऊ घातली, उन्हाचा बाऊ केला आणि ओढ्यावरूनच परत पाठवलं. वर शेजारणीकडे शेखीही मिरवली.

आणि तू गं? पंधरा वर्षांची होईस्तोवर छपरासाठी तिथलीच पानं वेचलीस. ते रान ओसाड रंगवायला तुझा हात कसा धजला? इथे दीडशे घरांची छपरं त्या पानांची आहेत. माझ्या जिभेने रान गेलं तर गावात तोंड कसं दाखवू? घास गिळवत नाही. काय करायचं ते लवकर कळव.

तुझ्यावर तितकीच माया असलेली, पण तूर्त तोंड मिटून बसलेली,
मावशी

यांगोन, ता. १७ मे

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. वाटलं, आता माझी नोकरी जाते. ते डोळ्यांत पाणी येईतो हसले आणि म्हणाले, त्यांच्या आईनेही हेच सांगितलं असतं. आता पानगळीच्या सगळ्या रानांची चित्रं आम्ही पुन्हा बघतोय. पावसाळ्यातलेही काही निरभ्र दिवस सापडले. माझ्या जिवात जीव आला. पण नुसत्या चित्रावर भागत नाही, तिथल्या माणसाचा शब्द लागतो. ३ जूनला तीच दोघं येतील. मावशी, हात जोडते, या वेळी खरं सांग.

तुझ्या धाकातली,
नंदार

इंगॉन, ता. २८ जून

चि. नंदार हिस अ. आ.

आपलं रान रान म्हणूनच नकाशात लागलं, हे कळवणारं तुझं पत्र विहाराच्या अंगणात मोठ्याने वाचलं. सुटलो बाई एकदाचे! सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली आणि मग माझ्याकडूनच माशाच्या रश्शातल्या शेवयांचा मोहिंगा उकळला. दोन पातेली संपली. मीही दोन वाट्या खाल्ल्या.

त्या दिवसाचं आजवर लिहवलं नव्हतं. दोघं आली, मी खोटं कबूल केलं आणि त्यांना ओढा ओलांडून नेलं. सगळ्यात जाडं झाड मी जावयालाही कधी दाखवलं नव्हतं, ते दाखवलं. एकाने पिशवीत हात घातला तेव्हा मला वाटलं, आता हातोडा निघतो. त्याने फीत काढली, बुंध्याला गुंडाळली, आकडा लिहिला. मग खाली पडलेलं एक पान उचललं आणि हे नेलं तर चालेल का, असं मला विचारलं. मी म्हटलं, न्या. दोघं निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी पुन्हा रानात गेले गं. एकेका झाडाला हात लावून पाहिला. सगळी जागच्या जागी होती.

अशीच आठवण ठेवून लिहीत राहा.

तुझी मावशी