तोतयाची चाचणी

३ मार्च
लागलो एकदाचा नोकरीला! दाजींच्या वशिल्याने, हे ताई दिवसातून तीनदा ऐकवते. ऐकवू दे. लढाई सुरू झाल्यापासून दाजी पाणबुडीवर यंत्रं सांभाळतात. मी किनाऱ्यावरच्या कार्यशाळेत पाणबुड्यांचे तोतये तयार करणार.

तोतया म्हणजे माणसाएवढं लोखंडी पिंप, आत त्याच पाणबुडीच्या आवाजाची फीत. शिकारी विमान वरून पाण्यात ऐकणारे डबे टाकतं. मग पाणबुडी तोतया सोडते आणि स्वतः हळूच दुसरीकडे सटकते. विमान फसतं ते पिंपाला. आमचे साहेब, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते म्हणाले की विमानाशी मारामारी करायची नसते, त्याला थाप मारायची असते. म्हटलं, मग माणूस योग्य जागी आलाय.

९ मार्च
दाजींच्या पाणबुडीचा आवाज भरून घेतला. तिचा एक पंप दर सातव्या ठोक्याला अडखळतो. दाजी म्हणाले की एक वेळ बायकोचं घोरणं ओळखणार नाही, पण हा पंप झोपेतही ओळखीन. ताईने डोळे वटारले.

मास्तरांचा नियम एकच. तोतया हौदात बुडवायचा, हेडफोन लावायचे, पाऊण तासाची फीत शेवटपर्यंत ऐकायची. मगच कार्डावर सही.

१६ मार्च
दाजींचा तोतया तपासला. दहा मिनिटं ऐकला, ठणठणीत होता. ताई जेवायची थांबली होती. सही करून निघालो. दाजी उद्या समुद्रात जाणार, म्हणून मी आणि दाजी पोटभर हसलो, पोटभर जेवलो.

२४ मार्च
दाजी गेले. एक्केचाळीस माणसं गेली. दुसऱ्या पाणबुडीने लांबून सगळं ऐकलं. तोतया सुटला, बारा मिनिटं बोलला आणि मुका झाला. विमान मागे वळलं, थेट दाजींच्या पाणबुडीवर.

मास्तरांनी माझं कार्ड काढलं, सही पाहिली. म्हणाले, तुझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

२६ मार्च
ताईने विचारलं, नीट ऐकला होतास ना. हो म्हणालो. शेवटपर्यंत? शेवटपर्यंत. माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, मग आपलं नशीबच फुटकं.

‘दाजींनीच घाई केली’ असं इथे लिहिलं होतं. खोडलं. घाई मला होती. मी मारलं त्यांना.

२ एप्रिल
हौदात आज तोतया नव्हता, नुसतं पाणी. सहज हेडफोन लावले. पंप ऐकू आला. सातव्या ठोक्याला अडखळणारा. मास्तरांना दिले, त्यांना काहीच ऐकू येईना. रजा घे म्हणाले.

५ एप्रिल
पंप चालूच आहे. वर विमानाची घरघर, गोल गोल. दाजी बुडाले नाहीत. अजून पळताहेत. तोतया पुन्हा बोलेल म्हणून वाट बघताहेत.

ताईला एवढंच सांगितलं की पंप ऐकू येतो. सहीचं सांगायला जीभ रेटली नाही. उद्या दुपारी येते म्हणाली. तिला ऐकायचाय.

६ एप्रिल
भर दुपार. मास्तर जेवायला गेलेत. हौदात एक डबा तरंगतोय. ऐकणारा. मी टाकलेला नाही. आता दुसरा —

कळलं. तोतया मीच व्हायचं. हातोडीने हौदाच्या कडेवर ठोके. सहा, सातवा अडखळता. पाऊण तास. या वेळी शेवटपर्यंत.

विमान वळलं! पंप लांब चाललाय — दाजी निसटताहेत —

घरघर आता हेडफोनमध्ये नाही. छपरावर. पत्रे थडथडताहेत. येऊ दे. मीच हवा आहे त्याला. एका हाताने ठोकतोय, एका हाताने —

दारात ताई. हिला आत्ताच यायचं होतं! ओरडलो, पळ म्हणून. ती म्हणते, कसलं विमान. आत येतेय. थांबलो तर ते दाजींवर जाईल, ठोकत राहिलो तर ताईवर — माझा हात धरते, काय झालं सांग म्हणते — सांगतो — ताई, मी ऐकला नव्हता, शेवटपर्यंत नव्हता ऐक