डोहातली नथ

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४
पाणी नितळ. वारा पश्चिमेचा, हलका. दिवस गळाला झकास. कोचीनला पलटणीत असताना खाऱ्या पाण्यावर दर रविवारी असंच लिहायचो, भरती, ओहोटी, वारा, काय लागलं. ती खोड पेन्शनीतही सुटली नाही.
पण आज लिहायला आहे काय? वरच्या डोहात पांढरी पोटं तरंगतायत. चुलतभाऊ बापू विहिरी पाडायचे ठेके घेतो. खडक फोडायच्या सुरुंगाच्या तोटा त्याच्या घरात पडलेल्या असतात. त्यातली एक पेटवून पाण्यात टाकली. बोटाएवढी पिल्लंसुद्धा मेली. पोत्यात भरून नेली, उरलेली काठावर कुजतायत.
म्हणालो, "बाप्या, हे मासे मारणं की खून?"
"आण्णा, तुमी सक्काळपास्नं बसून दोन शिंगटं आणता. माझं कसं, धाड् आन् पोतं!"
हसत होता. थोबाडीत द्यायला हात शिवशिवत होता.

रविवार, १७ फेब्रुवारी
आता राहिला खालचा डोह. आपला. त्यात तो म्हातारा खडस मासा आहे, दोन वर्षं मला खेळवतोय.
आज लागला! माझ्या पितळी चमच्याला. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर बसतो तिथल्या भंगारातून तो केला होता. पाण्यात ओढला की मासळीसारखा चमकत फिरतो, टोकाला गळ. खडसानं असा हिसडा दिला की काठीवरची चरखी किंचाळली. काठापाशी आणला. सोन्याच्या खवल्यांचा. आणि तंगूस, गळाचा दोरा, तुटला. जुना होता, महिनाभर म्हणतोय बदलू, बदलू. माझ्यासारखा गाढव मीच. चमचा गेला त्याच्या ओठात. दिवसभर जेवलो नाही.

रविवार, ३ मार्च
पाणी उतरतंय. वारा नाही. काही नाही लागलं.
बापूचा बेत कळला. जत्रेला पाहुणे येणार, म्हणून खालच्या डोहातही तोट टाकणार. पोलीस पाटलाकडे गेलो. तो म्हणतो, "जत्रंचं हाय गड्या, चार माणसं खात्याली. कशाला भांडण?" म्हणजे पोत्यातले मासे याच्याही घरी पोचलेत. कुंपणच शेत खातंय, दाद कुणाकडे मागायची?
बापूला सांगितलं, डोहाला हात लावलास तर नातं संपलं. म्हणाला, "नदी काय तुमच्या नावावर हाय व्हय?" जास्तच संताप आला.

रविवार, २४ मार्च. पाडवा
गुढी उभारतोय तोच हौसामावशी ओरडत आली. धुणं धूत होती खालच्या डोहावर. "देवीचा मासा वर आला गं बाई! नाकात सोन्याची नथ! ह्या डोळ्यानं बघितली!"
अर्धं गाव काठावर. मीही गेलो. ऊन वर आल्यावर मासा एकदा कुशीवर वळला. ओठाशी पितळ लखकन चमकलं.
माझा चमचा.
तोंड उघडलं होतं सांगायला. शेजारी बापू हात जोडून उभा होता. डोळे ओले. चप्पल काढलेली. तोंड मिटलं.

रविवार, ३१ मार्च
डोहावर नारळाच्या करवंट्या, कुंकू, उदबत्त्या. बापूनं सगळ्यांसमोर शपथ घेतली, या डोहात तोट टाकणार नाही. मी दोन महिने घसा फोडून सांगत होतो ते पितळेच्या तुकड्यानं एका सकाळीत केलं. बरं वाटलं. आणि चीडही आली. माणसाचं ऐकायचं नाही, नथीचं ऐकायचं!

रविवार, ७ एप्रिल
पाणी नितळ, वारा दक्षिणेचा. जत्रा तोटेशिवाय पार पडली. मग आज काठी घेऊन डोहावर गेलो.
बापूनं वाटेत धरलं.
"आण्णा, द्येवीच्या डोहात गळ?"
"तोट नाही टाकत, एक गळ टाकतोय."
"एकच म्हणं! हौसामावशी, बगा वो, आमच्या आण्णाला भान न्हाई." काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि घरापर्यंत खांद्यावर वाहून आणली, वर मलाच समजावत. ज्यानं वरचा डोह मारला तो मला धर्म शिकवतोय! मी त्याला वाट्टेल ते बोललो. खरं तेवढं बोललो नाही. ते बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी धाड्.

रविवार, २१ एप्रिल
काठी माळ्यावर. रविवार कसा काढायचा कळत नाही. बायकोवर, शालनवर, विनाकारण ओरडलो. चहात साखर कमी होती म्हणून.
ती शांतपणे म्हणाली, "तुमचा चमचा कुटं हाय?"
"हरवला."
"द्येवाच्या तांब्या-पळीसंगं दर सणाला मीच चिंच लावून घासत होते त्यो. मी वळाखला न्हाई व्हय? पाडव्यालाच वळाखला."
"मग बोलली नाहीस?"
"तुमी बोलला का? गप ऱ्हावा. मासं जगत्यात."
आणि हीच बाई परवा तिथं ओटी भरून आली. विचारलं तर म्हणते, "त्यात काय? नदीची भरली."

रविवार, १२ मे
पाणी फार उतरलंय. उन्हानं दगड भाजतात. डोहाच्या तोंडाशी, गोट्यांमध्ये काहीतरी चमकलं. चमचा. गळ गंजून मोडलेला. खडसानं सोडवून घेतला. शाबास, म्हणावंसं वाटलं. मग बापूची शपथ आठवली. रुमालात गुंडाळून आणला, कुणी पाहिलं नाही.
नथ आठ दिवसांत कुणाला दिसली नाही म्हणे. चावडीवर कुजबुज. बापूच्या मुलीचं लग्न जमलंय, वऱ्हाड मोठं. मला म्हणाला, "आण्णा, द्येवीनं डोह सोडला असंल तर मग शपतबी सुटली न्हवं? अवसेपतूर वाट बगतो." अवस मंगळवारी, पुढच्या आठवड्यात. माझ्याकडे बघत होता, मी पलटणीतला, खोटं बोलत नाही असं गावात मानतात. म्हणालो, मला दिसली परवा. आयुष्यात असलं धडधडीत खोटं बोललो ते या बैलासाठी!
"मलाबी दिसाय पायजे," म्हणाला.

रविवार, १९ मे
कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत नवा चमचा केला. पहिल्याहून रुंद, लांबून दिसेल असा. मिस्त्री विचारतो, काय करतोस? म्हटलं, नथ. तो हसला. मला हसू आलं नाही.
देवीची नथ परत घालायची तर देवीचा मासा पुन्हा गळाला लावायला हवा. आणि गळ घेऊन मला त्या डोहावर दिसायचं नाही. कुणी पाहिलं तर पहिला दगड बाप्या घालील, आणि घातला तर त्याचं चुकलं असं मलाही म्हणता येणार नाही. काय गाव आहे! काय मी आहे!
शालननं चमचा चिंचेनं घासून लख्ख करून दिला. उद्या पहाटे ती बायकांना पलीकडच्या देवळात आरतीला नेणार, बापूलाही. "तवर आटपा," म्हणाली. लागेल की नाही, कोण सांगणार? त्यानं एकदा पितळेची चव घेतलीय.
पाणी उतरलेलं, वारा पडलेला. काठी माळ्यावरून काढली. घरात नवा तंगूस आहे. पण चरखीवर जुनाच गुंडाळलाय, एका हिसड्यात तुटेल असा.