ट्युनिसमधलं निळ्या फरशीचं घर

वहीबा,

तुझ्या हूरिया आत्याचं लग्न ठरलं त्या वर्षी आम्हीही तीन दिवस ट्युनिसला गेलो होतो, लग्नाचं कापड घ्यायला. तू पोटात होतीस.

काल तू फोनमध्ये ट्युनिसला उतरायचं ते भाड्याचं घर दाखवलंस. मी नको म्हटलं तर म्हणालीस, “आई, तुला राजवाड्यातसुद्धा ढेकूण दिसतील!” जावईही हसले. तुम्ही न्हाणीघरातली निळी फरशी पाहिलीत, मी गॅसचा गिझर पाहिला. त्याचा धूर बाहेर काढणारी नळी नाही, आणि खिडकी विटांनी बुजवली आहे.

ते घर घेऊ नका. स्टेशनजवळच्या जुन्या हॉटेलात उतरा. खोल्या कळकट असतात, पण पाणी तळघरात तापून वर येतं. तुझ्या लेकीला, लीनाला, दार लावून आंघोळ करू देऊ नकोस.

तोंडाने सांगवेना, म्हणून लिहून ठेवून शेजारच्या झुलेखाकडे चालले. रव्याची भाकरी फडक्यात आहे.

तुझा भाऊ नधीर तापाने गेला नाही. तसलंच घर तुझ्या वडिलांनी हौसेने निवडलं होतं, म्हणून त्यांच्यादेखत कुणी बोललं नाही. नधीर तिथल्या न्हाणीघरात गिझरच्या विषारी हवेने गेला, हूरियाच्या लग्नाआधीच्या शुक्रवारी सकाळी. सात वर्षांचा होता.

आई