वहिनींची पुढची सुई

१२ जून २००३, पिंपळवंडी
सकाळी बचत गटात बोलले. “बायांनो, दुखणं आपल्या अंगात आणि त्याचा निकाल लावणार ओसरीवरचे पुरुष. किती दिवस?” टाळ्या. तिथून दादाकडे आले, तर इथंही निकाल लागलेला. वहिनींच्या मानेत कॅन्सरच्या गाठी. सोमवारी पुण्यात पुढची सुई. दादा म्हणतो, जायचं नाही. डॉक्टर बोलून गेले होते, हे औषध सदाफुलीतून काढतात. “फूल दारात हाय, मग पुन्याला कशापायी?” चुलीवर पाला उकळत होता. मी ते पातेलं उकिरड्यावर ओतलं.

१३ जून
टोमॅटोची बांधणी चालू. दादाला वावरातच गाठलं. म्हटलं, तुझ्या तारेला दोन टोकांना खांब, तशी दुभंगणाऱ्या पेशीत दोन केंद्रं. बारीक नळ्या मुख्यतः तिथूनच उगवतात; पेशी त्यांना भलतीकडे, भलत्या वेळी उगवू देत नाही. त्या गुणसूत्रं धरून दोन्हीकडे ओढतात, तेव्हा एकीच्या दोन पेशी होतात. औषध नळ्या जुळूच देत नाही. गाठ वाढायची थांबते. सुईत ते मोजून असतं. तुझ्या काढ्यात किती, आणि सोबत आणखी काय विष?

दादानं सुतळी खाली ठेवली. “आन् हिच्या बोटातली बांधणी? ती बी त्यानंच सोडली ना?”

आधीच्या सुयांनी वहिनींची बोटं बधिर. सुतळीला गाठ मारता येत नाही. मज्जातंतूंतही त्याच नळ्या, औषधानं त्याही बिघडतात. खोटं बोलवेना. हो म्हणाले.

१४ जून
डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काढा बंद म्हणजे बंद. बोटांचं आधीच सांगायला हवं होतं. डोस कमी करता येतो. दादाला सांगितलं. “तू लई वाचलंयस, बाई. हिला काय झालं तर तुझी पुस्तकं येनार का भाकरी थापाया?” मी चिडून आत गेले. थोड्या वेळानं दिसलं, वहिनींच्या पोलक्याचे हूक दादा लावून देत होता.

१५ जून
या सगळ्यात वहिनींना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. आज विचारलं.

“वन्सं, गिळताना आता अडत न्हाई. पर बोटं गेली तर मी कुनाच्या कामाची?”

बोटं बहुतेक हळूहळू सुधारतात, हमी नाही. सुई सोडली तर गाठ पुन्हा वाढेल. दोन्ही सांगितलं. त्या बोटं चोळत बसल्या. दादा दारात उभा, ऐकत. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, उद्या पहिल्या एसटीत बसा. दादा आला तर त्याच्यासोबत, नाही तर माझ्यासोबत. पण बसा.”